हात लावू नये

पावणेतीन ही काही बागेत जायची वेळ नाही हे मलाही कळतं. पण एक काम लवकर उरकलं होतं, दुसरं साडेतीनला होतं, आणि मधल्या वेळात घरी जाऊन परत यायचं म्हणजे नुसती दमणूक, म्हणून शिरले त्या शिल्पबागेत. पाटीवर 'शिल्पोद्यान' आहे, म्हणतात सगळे पार्कच. पूर्वी तिथे राडारोडा टाकायचे. मग आजूबाजूच्या लोकांनी कित्येक रविवार खपून तो उपसला, झाडं लावली, निम्मी मेली, परत लावली, कुठून कुठून शिल्पकार आले, काही शिकाऊ पोरं आली, आणि आता तिथे बारा-पंधरा शिल्पं आहेत. त्यातली चार चांगली आहेत. हे माझं मत झालं, आणि ती चार कुठली ते मी सांगणार नाही कारण करणारे अधूनमधून तिथेच हिंडत असतात.

ही कल्पना तशी नवीन नाही. न्यू यॉर्कमधलं सॉक्रेटिस स्कल्पचर पार्क असंच झालं, १९८६ मध्ये, ईस्ट रिव्हरच्या काठावर जिथे लोक बेकायदा कचरा आणून ओतायचे तिथे मार्क डी सुवेरो या शिल्पकाराने आणि आसपासच्या रहिवाशांनी मिळून ते उभं केलं. माणसांनी जागा एकदा पूर्ण वाया घालवल्याशिवाय ती कलेला मिळत नाही असं काहीतरी असावं.

तर बाकावर बसले आणि समोर हात. दगडी हात, नुसताच, मनगटापासून वर जमिनीतून उगवल्यासारखा, तळवा आभाळाकडे, माझ्या कमरेइतका उंच. शेजारी पाटी, 'कृपया शिल्पाला हात लावू नये'. म्हणजे हाताला हात लावायचा नाही. मी एकटीच हसले.

आणि मग दिसलं, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक कुंभारीण घर बांधतेय.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, ओळखताच तुम्ही, खिडकीच्या चौकटीत मातीचं इवलंसं मडकं करून जाते आणि आपण ते झाडूच्या दांड्याने पाडतो, तीच. जबड्यात ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, कडेला टेकवायची, आणि पुढच्या पायांनी थापत थापत मागे सरकत जायची. काम करताना गुणगुणते, खरंच, कान जवळ नेला तर ऐकू येतं (नेला मी, पाटीत कानाचं काही लिहिलेलं नव्हतं). ओली माती काळपट आणि वाळलेली फिकी, त्यामुळे मडक्याला कड्या पडलेल्या असतात, एकेका फेरीची एकेक. तीन-चार मिनिटांनी एक फेरी. मी घड्याळ लावून बघत होते, साडेतीनचं काम जवळजवळ विसरून.

मडकं झालं की आत छताला धाग्याने एक अंडं टांगते म्हणे, मग डंख मारून बधिर केलेल्या अळ्या आणून भरते, मेलेल्या नाहीत हां, नुसत्या बधिर, म्हणजे नासत नाहीत, आणि वरून तोंड लिंपून निघून जाते. परत बघायलाही येत नाही. आपल्याला हे जरा कठोर वाटतं. पण तिच्या बाजूने बघितलं तर खोली सारवलेली, फडताळ भरलेलं, दार लावलेलं, आता अजून काय करायचं त्या बाईने?

माझा एक दोष आहे, तो आधीच सांगते. मला शिल्प नुसतं डोळ्यांनी बघता येत नाही. चित्र येतं, चित्रापुढे मी हात मागे बांधून शहाण्यासारखी उभी राहते, पण दगड नाहीतर ब्रॉन्झ समोर आलं की बोटं वळवळायला लागतात. एका म्युझियममध्ये रखवालदाराने माझ्यावर शिट्टी मारलीये, सगळ्या दालनाने वळून बघितलं. आपल्या हाताला घाम असतो, तेल असतं, त्याने दगडावर डाग पडतात, धातूवरचा थर जातो, सगळं पटतं. जुन्या ब्रॉन्झच्या पुतळ्यांची नाकं आणि पायाचे अंगठे तेवढे पिवळे चकचकीत असतात ते आमच्यासारख्यांमुळेच. पण मला ते चकचकीत नाक बघून फार बरं वाटतं, आपल्यासारखे पुष्कळ आहेत म्हणून.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराला मेंढ्या चालायच्या. त्याच्या स्टुडिओच्या खिडकीसमोर शेजाऱ्याच्या मेंढ्या चरत असत, त्याने त्यांची वहीभर रेखाटनं केली, आणि बाहेर मांडलेल्या शिल्पांभोवती जनावर हवं तर मेंढीच, असं त्याचं म्हणणं होतं, कारण गाय किंवा घोडा शेजारी उभा राहिला की शिल्प लहान दिसायला लागतं. मापाचं जनावर हवं. इंग्लंडमध्ये १९७७ पासून यॉर्कशर स्कल्पचर पार्क आहे, तिथल्या कुरणातही मूरच्या भल्यामोठ्या ब्रॉन्झभोवती मेंढ्या चरतात, सावलीला बसतात, अंग घासतात. त्यांना शिट्टी कोण मारणार.

इथेच मला तो हत्ती आठवला. खरं म्हणजे मेंढ्यांवरून हत्ती आठवायचं काही कारण नाही, पण आठवला.

आजीच्या परसात एक दगडी हत्ती होता, गुडघ्याएवढा, सोंड तुटलेला. कुठल्यातरी जुन्या दाराशी असलेल्या जोडीतला एक, दुसरा कुठे गेला कुणाला माहीत नाही. तो इतका हिरवा-काळा होता की नवीन माणसाला तो हत्ती आहे हे सांगावं लागायचं. पाठीवर मखमलीसारखं शेवाळ, डोक्यावर दगडफुलाचे करडे गोल, कडा कुरतडल्यासारख्या. मी नऊ वर्षांची होते, सुट्टी होती, आणि मला कुणीतरी शाबासकी द्यावी असं फार वाटत होतं. मामाचा तारेचा ब्रश ढापला आणि दोन दुपारी बसून हत्ती घासला. बादल्याच्या बादल्या पाणी. आतून अगदी वेगळाच रंग निघाला, निळसर करडा, आणि पाठीवर झुलीची नक्षी निघाली जी घरात कुणालाच माहीत नव्हती. मला वाटलं मीच कोरली.

शेवटी राहिला कान. कानामागे खोबणीत दोन पांढरे गोळे चिकटलेले होते, मण्यांसारखे, एकमेकांना लागून. ब्रशने निघेनात म्हणून नखाने सोडवले. एकाला चीर गेली. जपून काड्यापेटीत ठेवले आणि मामाला दाखवायला नेले.

मामाने बघितलं आणि म्हणाला, "अगं, ही पालीची अंडी आहेत."

मी धावत जाऊन ती परत कानामागे ठेवायला लागले. ती राहीनात. तिने चिकटवलेली होती, मी सोडवली होती, आता ती नुसती घरंगळत होती. थुंकी लावून बघितली. शेवटी परत काड्यापेटीत घालून फ्रॉकच्या खिशात ठेवली, आणि तेवढ्यात आजी बाहेर आली. आजी हत्तीवर बेहद्द खूश. "बाई बाई, किती लख्ख केलास गं!" म्हणाली, शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारून बोलावलं, सगळ्यांना झुलीची नक्षी दाखवली, माझी पाठ थोपटली. आणि मी तिथे खिशावर हात दाबून उभी.

पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा हत्तीचे पाय तेवढे हिरवट झाले होते. दगडफूल नव्हतं. ते यायला वेळ लागतो, बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार असतो तो, आणि काही जाती वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाहीत. माझ्या तळहाताएवढा गोल म्हणजे आजीच्याही आधीचा असणार. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, तेव्हा फक्त काड्यापेटीचं कळलं होतं.

असो. मुद्दा असा होता की उघड्यावर शिल्प ठेवलं की ते एकट्या शिल्पकाराचं राहत नाही. काही जणांना हे माहीत असतं आणि ते आधीच जागा सोडतात. मेक्सिकोत कानकुनच्या समुद्रात जेसन डिकेअर्स टेलरने २००९ पासून पाण्याखाली पुतळे ठेवायला सुरुवात केली, आता पाचशेच्या आसपास आहेत, त्यातले कितीतरी जवळपासच्या खऱ्या माणसांचे साचे घेऊन केलेले. सिमेंट मुद्दाम असं वापरलं की त्यावर प्रवाळ धरावं, म्हणजे बुड्या मारणाऱ्यांची गर्दी इकडे येईल आणि खऱ्या प्रवाळाला जरा उसंत मिळेल. मला त्या साचा दिलेल्या माणसांचं कौतुक वाटतं. आपण डोळे मिटून तासभर तोंडावर लगदा लावून घ्यायचा, आणि मग आपल्या गालावर कोण राहायला येईल ते येईल.

आणि तो डेव्हिड नॅशचा लाकडी धोंडा! त्याच्यावर माझा फार जीव आहे. वेल्समध्ये १९७८ साली त्याने एका मोठ्या ओकमधून मीटरभराचा ओबडधोबड गोळा काढला, स्टुडिओत न्यायचा म्हणून ओढ्यात सोडला, तो मध्येच अडकला, आणि नॅशने डोकं चालवून म्हणा किंवा कंटाळून म्हणा, तो तिथेच राहू दिला. मग पूर आला की धोंडा थोडा पुढे, परत अडकला, बर्फ पडलं, परत पुढे, असं करत पंचवीस वर्षांनी खाडीपाशी पोचला. २००३ मध्ये दिसेनासा झाला. समुद्रात गेला असं सगळ्यांनी धरलं. तर दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, परत खाडीत हजर! नॅश वर्षानुवर्षं त्याच्या मागे मागे जाऊन फोटो काढत राहिला, मुलगी सासरी गेल्यावर बाप काही ना काही निमित्त काढून चक्कर टाकतो तसा.

याच्या उलट योसेफ बॉइस या जर्मन कलाकाराचे दगड. १९८२ मध्ये जर्मनीत कासेलला त्याने म्युझियमसमोर बेसॉल्टच्या सात हजार खांबांचा ढीग घातला आणि अट ठेवली की शहरात एक झाड लावलं की एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. तोवर ढीग तिथेच. लोकांनी नाकं मुरडली, कुणाला आवडेल घरासमोर असा ढीग, पण तो हलवायचा एकच मार्ग होता, झाड लावणं. पाच वर्षं लागली. बॉइस मधेच, १९८६ मध्ये, गेला, शेवटचं झाड त्याच्या मुलाने लावलं. आता झाडं वर गेलीत आणि दगड होते तेवढेच आहेत. इतकी छान खोडी कुणी महानगरपालिकेला सुचवा.

एक तक्रार मात्र करतेच. हल्ली अशा बागांतून रात्री शिल्पांवर दिवे सोडायची जी टूम निघालीये, खालून वर, जांभळे नाहीतर हिरवे, ती कुणाच्या डोक्यातून आली? एकीकडे पाटी लावायची की इथे पक्षी आणि फुलपाखरं जपली जातात, आणि दुसरीकडे रात्रभर पतंग त्या दिव्यांवर आपटून मरतायत, वटवाघळं वाट बदलतायत. आणि शिल्प तर इतकं वाईट दिसतं, टॉर्च हनुवटीखाली धरून भुताची गोष्ट सांगतात तसं. दुपारचं ऊन पुरे आहे त्याला. नसेल पुरत तर शिल्प चुकलंय.

तीन वीसला एक काका आले, तिथले स्वयंसेवक, गळ्यात ओळखपत्र, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात ब्रश. तारेचा नव्हता, पण ब्रश. सरळ हाताकडेच निघाले. माझ्या पोटात खड्डा पडला. मी उठून उभी राहिले, मनात सगळं भाषण जुळवलं, पालीची अंडी, दगडफूल, बॉइस, वाटलं तर रडायचंसुद्धा.

काकांनी बादली ठेवली आणि पाटी घासायला लागले. कावळ्याने पार चितारून ठेवली होती ती. 'हात लावू नये' चांगलं लख्ख केलं, फडक्याने पुसलं, आणि मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाईंचं चाललंय का अजून?"

"कुणाचं?" म्हटलं.

"मडक्याचं हो."

"चाललंय ना. कडा राहिलीये."

"परवा त्या अंगठ्याशी मांडलं होतं. अर्धं झालं आणि टाकून दिलं बघा. वारा लागत असेल, नाहीतर आवडलं नसेल. आपल्याला काय कळणार." मग बादली उचलली आणि पुढच्या पाटीकडे गेले.

मी बघितलं तर खरंच, अंगठ्याच्या बुडाशी मातीची अर्धी वाटी होती, वाळून फिकी पडलेली. कुंभारीण गोळी घेऊन आली, गुणगुणली, परत गेली. मला या सगळ्यावरून काहीतरी चांगलं सुचलं होतं, मघाशी बाकावर असताना, आता अजिबात आठवत नाहीये. साडेतीन होऊन गेले होते. काका पाठमोरे होते. मी मडक्यापासून लांब, अर्ध्या वाटीपासूनही लांब, मनगटाशी, हळूच हात टेकवला.

चांगलाच चटका बसला.