साठ पैशांच्या अंकाचा भाव सांगणारं दुकान : आमची वाटचाल

नागपूरच्या महाल भागात बाबांची कॉमिक्स भाड्याने द्यायची लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे दोन लोखंडी रॅक, एक बाकडं आणि दोरीला चिमट्यांनी टांगलेले अंक. धंदा व्हायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. नागपुरात घरोघरी मराठी आणि हिंदी दोन्ही वाचतात, त्यामुळे मराठी वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि हिंदीतला महाबली वेताल एकाच दोरीवर शेजारी लटकायचे. घरोघरी केबल आली आणि लायब्ररी बसली. गठ्ठे माळ्यावर गेले. ते रद्दीत गेले नाहीत याचं श्रेय बाबांच्या हट्टाला, आमच्या दूरदृष्टीला मुळीच नाही.

मी आणि धाकटा भाऊ आधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी पुस्तकं विकत होतो. बाहेरगावची माणसं वेताळाच्या गोष्टींची जुनी मालिका, इंद्रजाल कॉमिक्स, शोधत यायची. एकच अंक, एकच चित्र, पण एकजण एका प्रतीवर झडप घालायचा आणि दुसरी हातही न लावता परत ठेवायचा. असं का, हे नीट विचारून घेतलं आणि तिथेच धंद्याची दिशा बदलली. जुनी कॉमिक्स विकणारे पुष्कळ आहेत. हातातली प्रत कोणत्या छपाईची आहे आणि तिला आज काय भाव यावा, हे लेखी सांगणारं जवळपास कोणी नव्हतं. बायको ग्रंथालयशास्त्र शिकलेली. अहवालाचा नमुना तिने बसवला, तोच थोड्याफार फरकाने आजही चालू आहे.

एक नियम पहिल्यापासून पाळला : ज्या प्रतीचा भाव आम्ही सांगू, ती आम्ही विकत घ्यायची नाही. फी दर अंकामागे घ्यायची, किमतीवर टक्के लावायचे नाहीत. भावाने सुरुवातीला कुरकुर केली, कारण खरा पैसा खरेदी-विक्रीतच असतो. पण भाव सांगणारा आणि घेणारा एकच असेल तर आकडा कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. एका परगावच्या व्यापाऱ्याने एका आजोबांचे अंक किलोच्या भावाने नेले आणि त्यातलेच काही पुढच्या महिन्यात पारदर्शक पिशवीत घालून विकायला काढले. ते पाहिल्यावर भावाची कुरकुर थांबली.

‘जुनं आहे म्हणजे महाग असणार’ हा समज आम्हाला रोज खोडावा लागतो. अमर चित्र कथा घ्या. मालिका १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते, ‘कृष्ण’ आला तो अकरावा. चित्रं राम वाईरकरांची. हा अंक इतक्या वेळा छापला गेला की घराघरांत सापडतो, आणि आत छापलेल्या कॉपीराइटच्या वर्षावरून छपाईचं साल ठरत नाही. मग आम्ही कडेकडेच्या गोष्टी वाचतो. प्रकाशित अंकांची यादी छापलेली असेल तर तिच्यातलं शेवटचं नाव बघायचं, कारण प्रत त्या नावाच्या आधीची असूच शकत नाही. मग पत्ता. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर छपाई त्यानंतरची, ‘बॉम्बे’नंतर नुसता टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असेल तर बहुधा आधीची. इंग्रजी अंकाच्या पत्त्यात ‘मुंबई’ छापलेलं असेल तर १९९५च्या आसपासची किंवा नंतरची. नव्या मालिकेत त्याच ‘कृष्ण’ला ५०१ क्रमांक मिळाला, तोही लगेच ओळखू येतो. मुखपृष्ठावरच्या किमतीचा अंदाज सगळ्यात शेवटी, कारण किमतीवर नवी चिठ्ठी चिकटवायची पद्धत होती. हे सगळं जुळलं तरच आम्ही ‘पहिली छपाई’ हे शब्द वापरतो. नाही जुळलं तर ‘सुरुवातीची छपाई’ लिहितो, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

इंद्रजालचं गणित वेगळं. मार्च १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी, म्हणजे बेनेट कोलमनने, मालिका सुरू केली. पहिल्या अंकांची किंमत ६० पैसे. १९९० मध्ये ती बंद पडली. सुरुवातीच्या अंकांत वेताळाची गोष्ट थोड्या पानांत उरकायची आणि उरलेल्या पानांवर सामान्य ज्ञान असायचं. शाळेच्या कात्रणवह्यांसाठी पोरांनी नेमकी तीच पानं कापलेली असतात, म्हणून आधी पानं मोजायची, मग पुढचं बोलायचं. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा नायक बहादूर आला. त्याच्या पहिल्या अंकाला अजूनही मागणी आहे. इंग्रजी संचातले १२३ आणि १२४ हे क्रमांक टाइम्समधल्या संपामुळे निघालेच नाहीत. ‘१२३ सकट पूर्ण संच’ अशी जाहिरात कुणी दाखवली की आम्ही चहा मागवतो आणि आरामात समजावतो.

मराठी इंद्रजाल आम्हाला इंग्रजीपेक्षा फार कमी बघायला मिळतात. तरी दुर्मीळ म्हणजे महाग असं नाही. मागणारे संग्राहक किती, यावरच भाव हलतो.

वर्धा रोडवरच्या एका काकू हिरव्या कापडी बांधणीतले चार खंड घेऊन आल्या होत्या. यजमानांनी वर्षावर्षाचे अंक बाइंडरकडून बांधून घेतलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं. आत मराठी वेताळ, रंग काल छापल्यासारखे. पण बाइंडरने कटरखाली तिन्ही कडा सारख्या केल्या होत्या. वरच्या कडेला नावाचा शिरोभाग चिमूटभर कापलेला, आणि मधल्या पिनांच्या जागी टाके. मोजपट्टी लावली तर सुट्या प्रतीपेक्षा रुंदीही कमी भरली. संग्राहकांच्या लेखी ही छाटणी मोठा दोष. पण त्या बांधणीमुळेच अंक इतकी वर्षं एकत्र राहिले, हेही खरं. काकूंनी विचारलं, “मग सोडवून घेऊ का सगळे?” आम्ही म्हटलं, “अजिबात नका. सोडवले तर टाक्यांची भोकं आणि छाटलेल्या कडा राहतीलच, वर खंडही हातचा जाईल.” अहवालात खंडांची किंमत खंड म्हणूनच लिहिली. “काय सांगून राहिले भाऊ, एवढी येते?” त्यांचा हा प्रश्न ऐकून बायकोला हसू आवरेना.

परदेशी कॉमिक्सची कामं उशिरा सुरू झाली, बहुतेक अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या सांगण्यावरून. इथे किंमत छापलेला छोटा चौकोन सगळं ठरवतो. मार्व्हल या अमेरिकी प्रकाशकाने १९७६ मध्ये काही शहरांत २५ऐवजी ३० सेंटची आणि १९७७ मध्ये ३०ऐवजी ३५ सेंटची किंमत छापून बाजार चाचपला. अंक तोच, पण त्या प्रती कमी, म्हणून भाव वेगळा. ब्रिटनसाठी पेन्समध्ये किंमत छापलेल्या प्रती लोक पुनर्मुद्रण समजून टाकून देतात. मार्व्हलच्या त्या काळातल्या अशा प्रती बहुधा त्याच छपाईतल्या असतात. उलट १९३८ सालचं, सुपरमॅन पहिल्यांदा आला ते ‘अॅक्शन कॉमिक्स’ १ घरात सापडलं म्हणणाऱ्याला आम्ही आधी लांबी-रुंदी विचारतो. १९७४ मध्ये त्याचं मोठ्या आकाराचं पुनर्मुद्रण निघालं. त्याचं बाहेरचं वेष्टन काढलं की आतलं मुखपृष्ठ मूळ प्रतीसारखंच दिसतं, फक्त आकार चांगलाच मोठा. बहुतेक फोन तिथेच संपतात.

आमची हत्यारं साधी : दहापट भिंग, मोजपट्टी, अतिनील टॉर्च. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके वेगवेगळे दिसतात, प्रिंटरवर काढलेल्या मुखपृष्ठात भिंगाखाली भुरभुर दिसते. आताच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, टॉर्चखाली तो निळा उजळतो. तसं दिसलं की पुढची तपासणी कडक.

जपणुकीबद्दल नागपूरकरांना एकच विनंती. मेच्या उन्हात न्यूजप्रिंट ठिसूळ होतो हे सगळ्यांना कळतं, पण नुकसान कूलरही करतो. कूलरच्या खोलीत अंक ठेवले की ओल्या हवेने पिना गंजतात आणि गंजाचा डाग मधल्या पानात उतरतो. कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, लोखंडी कपाटात, आडवे ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर त्याहून नको.

लॉकडाऊनमध्ये लोकांनी माळे उपसले आणि आमचं काम अचानक वाढलं. उद्यम नोंदणी करताना आमचा धंदा कोणत्या रकान्यात घालायचा यावर सीएने डोकं धरलं होतं, शेवटी काहीतरी बसलं. आता अहवाल बहुतेक वारसांच्या वाटण्यांसाठी लागतात. भाऊ-बहिणींना आकडा तिऱ्हाइताकडून हवा असतो, आणि खरेदी न करण्याचा नियम तिथेच कामी येतो. दिवाळीआधीच्या साफसफाईत गठ्ठे एकदम येतात. तेव्हा अहवालाला नेहमीपेक्षा उशीर होतो, आणि तेवढं आम्ही पावतीवर आधीच लिहून देतो.