बजेटच्या आधी जाऊया ना यावेळी

ठाणे महापालिकेच्या बजेटच्या बातम्या यायला लागल्या की मला दरवेळी वाटतं, आपण नाटक-गाणं-नाचवाली मंडळी तेव्हा कुठे असतो? पाण्यासाठी लोक जातात, गटारासाठी जातात, आणि आपण जातो ते थिएटरचा एसी बंद पडल्यावर. गेलो की म्हणतो, साहेब संस्कृती जपली पाहिजे. साहेब मान डोलावतात, चहा पाजतात, विषय संपला. कारण फाईलवर चढवता येईल असं आपण हातात काही दिलेलंच नसतं.

खरं तर आपण काही भीक मागत नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने घटनेत बारावी अनुसूची आली, शहराच्या कारभाराचे १८ विषय आहेत त्यात, रस्ते आणि पाणीपुरवठा ज्या यादीत आहेत त्याच यादीत तेराव्या नंबरला सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना चालना देणं आहे. हे प्रत्येक नगरसेवकाला छापून द्यायला हवं. आणि ठाण्याने हे करूनही दाखवलंय की! गडकरी रंगायतन १९७८ चं, महापालिका झाली १९८२ ला, म्हणजे नुसती नगरपालिका असताना तलावपाळीला एवढं थिएटर उभं राहिलं. मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासून आहे.

माझं म्हणणं एवढंच, एकच मागणी घेऊन जायचं आणि ती तालमीच्या जागेची. नवीन थिएटर मागितलं की जमीन, टेंडर, दहा वर्षं. पण पालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी बंदच असतात ना, ते ७ ते १० तालमीला द्या, वॉचमनचा ओव्हरटाईम आणि लाईटबिल एवढाच काय तो खर्च. आज एकांकिका करणारी पोरं सोसायटीच्या पार्किंगमध्ये तालीम करतात, खडूने रंगमंच आखून, मध्येच कुणाची गाडी आली की सगळे बाजूला, मग परत पहिल्या वाक्यापासून. आवाज मोठा झाला की वरून खिडकी उघडते. कॉलेज संपलं की यातली निम्मी पोरं नाटक सोडतात ती आवड संपली म्हणून नाही हो, उभं राहायला जागा नाही म्हणून!

पैशाचंही सांगायचं, जरूर सांगायचं. एका प्रयोगामागे सेटचा टेम्पो, लाईटवाला, मेकअप, कपडेपट, बुकिंगवाला, नाईटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या पैशावर काम करणारी बॅकस्टेजची पोरं, एवढी घरं चालतात. पण फक्त पैशावर भांडलो तर फ्लायओव्हर जिंकणार, म्हणून खडूची ती रेघ साहेबांना प्रत्यक्ष दाखवायला न्यायचं.

तर ठाणे, कळवा, घोडबंदर साईडचे जे ग्रुप आहेत त्यांनी कमेंटमध्ये लिहा, कुठे तालीम करता, किती जण, भाडं किती पडतं आणि जवळची पालिका शाळा कुठली. डिसेंबरच्या आत यादी झाली पाहिजे, आकडे एकदा ठरले की मग कुणी ऐकत नाही.