'अल्प' म्हणजे किती?

वेंगुर्ल्यातल्या आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर, घंटेच्या खांबाला लागून एक बारका फळा होता. मूळचा तो सुविचाराचा. मी सहावीत असताना भूगोलाचे सर नवीन आले आणि त्यांनी तो मुख्याध्यापकांकडून मागून घेतला. "सुविचार वाचून सुधारलेला एकही पोरगा मला अजून भेटलेला नाही," एवढंच त्यांचं कारण. दुसऱ्या दिवसापासून त्या फळ्यावर रोज एक गाव येऊ लागलं. कधी बंदर, कधी जिल्हा, कधी कुठलं तरी खाणीचं ठिकाण. ओळी सहाच: कुठे, पाणी, पाऊस, येतं काय, जातं काय, आणि शेवटची 'का'. ते गाव तिथंच का वसलं, दहा कोस अलीकडे-पलीकडे का नाही, हे त्या सहाव्या ओळीत सांगायचं. पाळीपाळीने एकेका मुलाने लिहायचं. 'सुंदर', 'प्रसिद्ध', 'गजबजलेले' हे शब्द दिसले की सर उभ्या उभ्या तळहाताने पुसून टाकत आणि हात धोतराला पुसत. (धोतर नेसणारे ते शाळेतले शेवटचे मास्तर.)

सर घाटावरचे. नोकरीला वेंगुर्ल्यात उतरेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि जगातली बंदरं त्यांनी शिकवली कोणाला, तर ज्यांच्या घरची निम्मी माणसं बोटीवर होती अशा आम्हा पोरांना. आमच्या वर्गात एकाचा बाप फिटर, एकाचा काका बटलर, एकाचा आजा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. सर त्यांच्याकडे आलेली पत्रं मागून वाचत. जहाज कंपन्यांची जुनी कॅलेंडरं भिंतीवरून उतरली की ती सरांच्या घरी जात. ॲटलास शाळेत एकच होता, त्याचं आफ्रिकेचं पान सुटं झालेलं.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मला आरिका मिळालं. चिलीच्या उत्तर टोकाचं बंदर. ॲटलासात पाहून मी तिसऱ्या ओळीत ऐटीत लिहिलं, 'पाऊस: अल्प'. सरांनी वाचलं आणि विचारलं, "अल्प म्हणजे किती? वाटीभर की घागरभर?" मला काही सांगता येईना. मग त्यांनी स्वतः खडू घेतला. वर्षाची सरासरी एक मिलिमीटरही नाही. १९०३ च्या ऑक्टोबरपासून १९१८ च्या जानेवारीपर्यंत तिथं पाऊसच पडला नव्हता, चौदा वर्षांहून जास्त. बाहेर जुलै कोसळत होता, व्हरांड्याच्या पन्हळीखाली पिंप भरून वाहत होतं, आणि आमच्याकडे वर्षाला पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मागून एकजण म्हणाला, "सर, मगे थंयचे लोक पितत काय?" सर खूश झाले. हाच त्यांचा आवडता प्रश्न होता, फक्त आम्ही आपणहून विचारावा अशी त्यांची इच्छा असे.

'का' ची ओळ त्यांनी मला आठ दिवस लिहू दिली नाही. मुंबई विषुववृत्ताच्या जेवढी उत्तरेला, साधारण तेवढंच आरिका दक्षिणेला. दोन्ही समुद्रकाठी. मग एकीकडे गुडघाभर पाणी आणि दुसरीकडे थेंब नाही, असं का? नवव्या दिवशी मी हंबोल्टचा थंड प्रवाह शोधून काढला. किनाऱ्यालगतचं पाणी गार, त्यावरची हवा गार, ती वर चढतच नाही. धुकं होतं, पाऊस होत नाही. तो आनंद पुढे पहिल्या पगाराच्या दिवशीसुद्धा झाला नाही.

एडन ज्याने लिहिलं तो आता गावात मेडिकलचं दुकान चालवतो. विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतलं बंदर, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बोटींना कोळसा घ्यायची जागा, असं त्याने नीट लिहिलं होतं. सरांनी सातवी ओळ जोडली. सहाच ओळींचा नियम त्यांनी मोडलेला मला एवढा एकदाच आठवतो. इंग्रजांनी १८३९ साली एडन घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याला जोडलेला होता. म्हणून वासुदेव बळवंत फडक्यांना तिथल्या तुरुंगात ठेवलं, आणि तिथंच ते १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. इतिहासाच्या पुस्तकात 'एडन' हा शब्द आम्ही शंभरदा वाचला असेल. ती जागा नकाशावर आहे, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

आता एक तक्रार. आठवीत तालुक्याच्या एका स्पर्धा परीक्षेत पनामा कालव्यावर प्रश्न आला. मी लिहिलं की अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाताना जहाज पूर्वेच्या बाजूला सरकतं. तपासणाऱ्याने त्यावर लाल काट मारली. पॅसिफिक पश्चिमेला, मग जहाज पूर्वेला कसं जाईल, हा त्याचा हिशेब. पण ती जमिनीची पट्टी तिथं अशी वळलेली आहे की कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. अटलांटिकच्या बाजूचं कोलोन पश्चिमेला पडतं आणि पॅसिफिकच्या बाजूचं पनामा शहर पूर्वेला. माझा दुसरा नंबर त्या दोन मार्कांनी गेला. सर भांडायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोलोन आणि पनामा यांचे रेखांश तेवढे लिहिले आणि आठवडाभर पुसू दिले नाहीत. मला अजून वाटतं, भांडायला हवं होतं.

त्याच वर्षी, १ मे १९८१ ला, आमचाच जिल्हा बदलला. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सरांनी आम्हाला नव्या जिल्ह्याच्या सहा ओळी लिहायला लावल्या, आणि गंमत म्हणजे वर्गातल्या एकालाही त्या धड जमल्या नाहीत. आरिकाचा पाऊस पाठ. वेंगुर्ल्याच्या बंदरातून काय जातं ते 'मासे' पलीकडे सांगता येईना. 'का' ला मात्र सगळ्यांचं एकच उत्तर होतं. रत्नागिरीला कचेरीत काम म्हणजे एक दिवस जायला, एक दिवस यायला, आणि साहेब रजेवर असला तर खानावळीचा खर्च वेगळा.

पुढे मीही बोटीवर गेलो. इंजिनात, ऑइलर म्हणून. लोकांना वाटतं बोटीवरचा माणूस जग बघतो. डेकवरचा बघत असेल. इंजिनातला माणूस पाण्याच्या रेषेखाली असतो, त्याला बंदर म्हणजे इंजिन बंद होणं आणि दुरुस्तीची कामं सुरू होणं. पण एक गोष्ट आमच्या वाट्याला येते. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढतात, आणि दर वॉचला, म्हणजे कामाच्या दर पाळीला, त्याचं तापमान वहीत लिहावं लागतं. मी बाहेर न बघता त्या काट्यावरून जग ओळखायला शिकलो. तांबड्या समुद्रात ३२. पनामा कालव्यात गातुन तळ्यावर चढलो की आकडा फारसा हलत नाही, पण पाणी गोडं. डेकवाले त्या संधीत डेक धुऊन घेतात. आणि चिलीच्या किनाऱ्याने उत्तरेकडे येताना, उष्ण कटिबंधात शिरूनसुद्धा, काटा १७ वर. मी खाली एकटाच होतो. त्या काट्याकडे बघत बसलो. नवव्या दिवशी सापडलेला प्रवाह पाइपातून जात होता, आणि पाइपाला बाहेरून घाम फुटला होता.

आरिकात चार तास किनाऱ्यावर उतरायला मिळाले. पाहिली ती छपरं. कौलांचा उतार नाही, पन्हळ नाही, पागोळी पडून अंगणात होतात त्या भोकांची रांग नाही. गोदीत माल पडला होता तो बराचसा बोलिव्हियाचा. त्या देशाचा किनारा १८७९ च्या युद्धात गेला, तेव्हापासून त्याला दुसऱ्याच्या दारातून समुद्र गाठावा लागतो. मी सरांना पत्र टाकलं. सरांचं उत्तर आलं त्यात माझंच पत्र परत होतं, लाल पेन्सिलीने तपासलेलं. 'पाणी खूप थंड होते' यातल्या 'खूप' वर गोल आणि बाजूला, 'किती?'

पोर्ट लुईच्या पत्रावर मात्र एकही लाल खूण आली नाही. मॉरिशसला गेलो ते नेमके गणेश चतुर्थीला. तिथं त्या दिवशी सरकारी सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं. गोदीतलं काम का थांबलं म्हणून विचारायला गेलो तर एका कारकुनाने मला माझं आडनाव विचारलं आणि स्वतःचं सांगितलं. जाधव. स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, चेहरा थेट सावंतवाडीच्या बाजारातला. त्याचा पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून मुंबईहून बोटीत चढला होता. 'येतं काय' या ओळीत माणसंही लिहायची असतात, हे फळ्यावर आमच्याकडून राहून गेलं होतं.

आणि नार्विक. सरांचं सगळ्यांत लाडकं गाव ते, कारण शेजारी रेडी. रेडीची खाण वेंगुर्ले तालुक्यातली, तिथलं लोहखनिज रेडी बंदरातूनच बाहेर जायचं. पावसाळा लागला की बंदर बंद. नार्विक नॉर्वेत, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. खनिज त्याचं नव्हे, स्वीडनमधल्या किरुनाचं. स्वीडनला स्वतःचं लुलेओ बंदर आहे, नार्विकपेक्षा दक्षिणेला आहे, पण तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. नार्विकला अटलांटिकचा उबदार प्रवाह पोचतो, म्हणून डोंगर ओलांडून रेल्वे तिकडे नेली. "आपलं बंदर पावसाने बंद, त्यांचं बंदर बर्फानेही बंद नाही," हे सर दरवर्षी नव्या वर्गाला तितक्याच उत्साहाने सांगत.

१९९३ च्या फेब्रुवारीत मी तिथं होतो. काटा ५ वर. खनिज भरून रॉटरडॅमला नेलं. डेकवर सांडलेला काळा चूर मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतला आणि सुट्टीवर आलो तेव्हा सरांकडे गेलो. सर तेव्हा रिटायर होऊन वेंगुर्ल्यातच राहिले होते. त्यांनी कपाटातून रेडीचा एक तांबूस खडा काढला, बाटली कागदावर उपडी केली आणि नातवाच्या खेळण्यातलं लोहचुंबक मागितलं. खडा ढिम्म हलला नाही. चूर मात्र चुंबक जवळ येताच ताठ उभा राहिला, साळिंदराच्या काट्यांसारखा, आणि थेट टोकाला जाऊन चिकटला.

सरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "हे मॅग्नेटाइट," ते म्हणाले. "आपलं हेमेटाइट. आणि इतकी वर्षं मी दोन्ही गावांच्या पुढे एकच शब्द लिहू दिला. लोहखनिज." मग तळहात धोतराला पुसला, फळा समोर नसतानाही. आतून बाई ओरडल्या की तो काळा भुगा सतरंजीवर सांडला तर निघायचा नाही, आणि आम्ही दोघं चुंबक घेऊन तो गोळा करायला बसलो.