चियांग माईचा गट ब: भारतीय मुलींच्या मागे थायलंडला

फुटबॉल बघायला परदेशी जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विश्वचषक येतो. माझं मत विचाराल तर आधी एखादी पात्रता फेरी गाठा. गर्दी नाही, तिकिटांची मारामारी नाही, एकाच गावात मुक्काम, आणि खेळाडू इतके जवळ की कोच कोणावर ओरडतोय तेही कळतं. मुख्य म्हणजे एका गोलाची किंमत काय असते, हे तिथे जितकं लख्ख दिसतं तितकं मोठ्या स्पर्धेत दिसत नाही.

आम्ही गेलो होतो ते महिला आशियाई करंडक २०२६च्या पात्रता फेरीला, गट ब, चियांग माई, २३ जून ते ५ जुलै २०२५. भारत, थायलंड, मंगोलिया, तिमोर-लेस्ते आणि इराक असे पाच संघ. आशियाभरातून ३४ संघ आठ गटांत विभागलेले आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ मुख्य स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाला जाणार. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही. एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं की प्रवासाचं सगळं नियोजन त्यावरून करता येतं.

कसं, ते सांगते. गटात यजमान तगडे असतील आणि त्यांचा सामना शेवटच्या दिवशी असेल, तर परतीचं विमान त्यानंतरचंच काढा. हे सांगायला कशाला हवं, असं वाटेल. पण सुट्टी पुरत नाही म्हणून पहिले दोन सामने बघून परतणारे भेटतातच. सुट्टी कमी असेल तर सुरुवातीचे सामने सोडा, शेवटचे दोन धरा. पाच संघांच्या गटात प्रत्येक फेरीत एक संघ बसून राहतो. भारताची सुट्टी २६ जूनला होती. असा दिवस डोई सुथेपसाठी ठेवावा. डोंगरावरच्या देवळापर्यंत लाल सोंगथेव जातात (आपल्या वडापसारख्याच, मागे समोरासमोर दोन बाकं). पुढे तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. सकाळी लवकर निघा. पावसाळा असल्यामुळे दुपारनंतर ढग उतरले की वरून शहर दिसत नाही.

मुंबईहून बँकॉकला थेट विमान मिळतं. तिथून चियांग माईला तासाभराचं विमान किंवा रात्रीची रेल्वे. वेळ असेल तर रेल्वेच घ्या, स्लीपरची खालची बर्थ ऐसपैस असते. भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम बदलतात, त्यामुळे निघण्याआधी बघून घ्या. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड मात्र भरावंच लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही एवढं समजा.

मैदानाचं नाव ७००वा वर्धापनदिन स्टेडियम. शहर १२९६ सालचं, त्यावरून हे नाव. १९९५च्या आग्नेय आशियाई खेळांसाठी ते बांधलं. जुन्या तटबंदीच्या शहरापासून वायव्येला, कालव्याच्या रस्त्यावर, मागे डोई सुथेपचा डोंगर. राहायला निम्मानहेमिन भाग बरा, तिथून मैदान जवळ पडतं आणि खाण्यापिण्याची चंगळ आहे. जाताना ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरच्या गाड्या सहज मिळतात. खरी अडचण येताना. सामना संपला की सगळे एकाच वेळी फोनवर गाडी शोधतात आणि कोणालाच मिळत नाही. जाताना ज्या सोंगथेवाने आलात त्याच्याशीच परतीचं ठरवून टाका, भाडं आधी बोलून. नाहीतर थोडं मुख्य रस्त्यावर चालत या, मग गाडी लागते.

मैदानाभोवती धावण्याच्या शर्यतींचा ट्रॅक आहे, त्यामुळे गोलमागच्या जागा फार लांब पडतात. मुख्य स्टँडमध्ये मध्यावर बसा. छप्परही तिथेच आहे आणि जून-जुलैत त्याची गरज पडते. पहिल्या दिवशी मंगोलियाविरुद्ध भारताने १३-० केलं, प्यारी खाखाने एकटीने पाच गोल मारले. इतक्या एकतर्फी सामन्यात शेवटी काय बघायचं, असं वाटलं तर वहीत गोल मांडून बघा. थायलंडने मंगोलियाला ११, इराकला ७ आणि तिमोर-लेस्तेला ४ गोल मारले. भारताने तिमोर-लेस्तेला ४ आणि इराकला ५. दोघांची बेरीज प्रत्येकी २२, आणि दोघांवर एकही गोल नाही! गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे. आठव्या-नवव्या गोलानंतर उगाच वाटलेली धावपळ उगाच नव्हती, हे तेव्हा कळतं. भारत-थायलंड हा शेवटचा सामना बरोबरीत सुटला असता तर साखळी सामना असूनही थेट पेनल्टी शूटआऊट होणार होतं.

५ जुलैला शनिवार होता. वुआलाय रस्त्यावर शनिवारचा बाजार भरतो, तो आम्ही सोडला. रविवारचा था फे दरवाज्याचा बाजार तसाही मोठा असतो, त्यामुळे हळहळ नाही. थायलंड तेव्हा फिफाच्या जागतिक क्रमवारीत ४६वा, भारत ७०वा. शिवाय थायलंड २०१५ आणि २०१९चे दोन विश्वचषक खेळलेला संघ. आमच्या पुढच्या रांगेत एक थाई आजी नातीला घेऊन आली होती. हातात फुगवायच्या प्लॅस्टिकच्या काठ्या, आणि दर कॉर्नरला त्या एकमेकींवर आपटायच्या. अर्ध्या तासाच्या आत संगीता बासफोरने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि काठ्या थांबल्या. मध्यंतरानंतर लगेच चत्चवान रोडथोंगने बरोबरी केली, काठ्या पुन्हा सुरू. पुढचा अर्धा तास मी घड्याळाकडे आणि ढगांकडे आलटून पालटून बघत होते. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. कल्याणीची ही मुलगी गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून परतलेली आहे, हे माहीत असलेले आमच्यासारखे मूठभर लोक स्टँडमध्ये अक्षरशः नाचत होते. आजीने मागे वळून आम्हाला हात जोडले. आम्हीही जोडले.

ज्यांना या निकालाचं एवढं काय वाटतं असा प्रश्न पडेल, त्यांच्यासाठी: जानेवारी २०२२मध्ये हीच स्पर्धा आपल्याकडे होती. नवी मुंबईत चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला करोनामुळे भारताला पुरेसे खेळाडू उभे करता आले नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्याआधीचा सहभाग थेट २००३चा. पात्रता फेरी खेळून भारत पहिल्यांदाच आत शिरला, तो चियांग माईत.

खाण्याचं. खाव सोई हा तिथला खास पदार्थ, नारळाच्या दुधातल्या रश्शात नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, बाजूला लोणच्यासारखी मोहरीची भाजी आणि लिंबू. तो बहुधा चिकनचा असतो. शाकाहारी मंडळींनी पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली ‘जे’ची, म्हणजे शुद्ध शाकाहारी, दुकानं शोधावीत. एरवी ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या ताटातही फिश सॉस असतोच, आणि तो त्यांना मांसाहार वाटत नाही, त्यामुळे नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. तिथे तांदूळ भरपूर असल्यामुळे उपाशी मात्र कोणी राहत नाही.

पुढच्या कुठल्या पात्रता फेरीला जायचा विचार असेल तर गटांची सोडत झाल्यावर आधी यजमान कोण ते बघा, मग भारत-यजमान सामना कोणत्या फेरीत आहे ते. रद्द करता येईल असं हॉटेल लगेच धरून ठेवा, विमान वेळापत्रक पक्कं झाल्यावर. तिकिटांच्या आणि गेटच्या सूचना यजमान संघटनेच्या फेसबुक पानावर स्थानिक भाषेत आधी येतात, इंग्रजीत नंतर किंवा कधीच नाही. त्यामुळे फोनमध्ये भाषांतराचं ॲप ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि सोबत रेनकोट न्या, छत्री नको. मागच्या रांगेतले शिव्या देतात, त्या समजायला ॲप लागत नाही.