पाठीवरची वाटी

गेल्या पावसाळ्यात दुकानातला १५ किलोचा तेलाचा डबा उचलून गिऱ्हाइकाकडं वळले आणि कंबरेत उसण भरली. डबा तिथंच टेकवला, पण मला काही सरळ होता येईना. एक्स-रेत काही निघालं नाही. पोट घट्ट झालं की कंबर सुधारेल म्हणून मोबाईलवर बघून रोज सिटअप्स मारायला लागले. पंधरा दिवसांत दुखणं वाढलं.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मला उताणं झोपवलं, कंबरेच्या पुढच्या हाडापासून दोन बोटं आत माझीच बोटं टेकवायला लावली. म्हणाल्या, "आता खोका." बोटांखाली एकदम आवळल्यासारखं झालं. पोटाभोवती पट्ट्यासारखा आडवा गुंडाळलेला, सगळ्यात आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागं मणक्याला चिकटलेले मल्टिफिडस नावाचे स्नायू. सगळे मिळून मणका सावरतात. निरोगी माणसात हात उचलायच्या आधीच हा पट्टा आवळतो. ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं, की कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा आवळतो. म्हणजे नुसती ताकद नाही, वेळही साधायला हवी. सिटअप्समध्ये मी ते कुठं शिकत होते?

दुसरी गोष्ट मला फार आवडली. एका बाजूचा पाठीचा मोठा स्नायू कंबरेवरच्या जाड पडद्यातून दुसऱ्या बाजूच्या कुल्ल्याशी जोडलेला असतो, तिरका, जानव्यासारखा. रंकाळ्यावर फिरताना मी मुद्दाम बघितलं: डावा पाय पुढं, उजवा हात पुढं. हात खिशात घालून चालले तर कंबर लगेच अवघडते.

आबांना हे सांगितलं. तरुणपणी गंगावेश तालमीत मेहनत केलेला माणूस. म्हणाले, "अगं, मुद्गल फिरवताना हात नुसता धरायला. ताकद मांडीतनं येती, कंबरेतनं खांद्यात जाती. आमच्या वस्तादांनी हेच सांगितलंय."

आता रोज सकाळी सतरंजीवर रांगल्यासारखी हातागुडघ्यांवर टेकते आणि पाठीवर पाण्याची स्टीलची वाटी ठेवून घेते. उजवा हात आणि डावा पाय लांब केला तर पाणी जागचं हलत नाही. डावा हात, उजवा पाय म्हटलं की सांडतं. डबा घेऊन मी रोज उजवीकडंच वळायचे, तेही एकाच जागी पाय रोवून. या आठवड्यात त्या बाजूला सहा मोजेपर्यंत वाटी टिकतेय. ताई म्हणतात, दहा होऊ देत. तोवर डबा पोऱ्याच उचलतो.