कर्ज फिटणार कधी?

सांगलीत विश्रामबागच्या एका बँक शाखेत मी गृहकर्जाचं टेबल सांभाळतो. दुसरीकडचं चालू कर्ज आमच्याकडे घेण्याच्या, म्हणजे टेकओव्हरच्या फायली अलीकडे फार येतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाचवर आणला. बँकांची २०१९ च्या ऑक्टोबरनंतरची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं अशा बाहेरच्या दराला बांधलेली असतात, त्यामुळे तिथे व्याज आपोआप उतरतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. तिथला कर्जदार बऱ्याचदा जुन्याच दराने भरत राहतो आणि शेजाऱ्याचा हप्ता ऐकून एक दिवस आमच्याकडे येतो.

कुपवाड एमआयडीसीत मशिन ऑपरेटर असलेले एक गृहस्थ तसेच आले. फाईल एजंटने आणली होती. शंभर फुटी रोडच्या मागे फ्लॅट, बाकी १६ लाख, उरलेली मुदत आठ वर्षं, दर पावणेदहा टक्के, हप्ता २४,०६७. मंजुरी झालेली, फक्त सह्या बाकी. बायको सोबत होती. कर्ज दोघांच्या नावावर.

"साहेब, महिन्याला आठ हजार सुटत्यात की!" ते खुशीत होते. नवा हप्ता १५,७५६.

आमच्या साडेआठ टक्क्यांना एवढा फरक पडत नाही. फाईल उघडली, तर मुदत १८० महिने. आठ वर्षांत संपणारं कर्ज एजंटने पंधरा वर्षांवर नेलं होतं. अर्जावर त्यांचीच सही होती, पण त्या रकान्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

सहीच्या आधी ग्राहकाला केएफएस, म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंट, द्यावं लागतं. दर, मुदत आणि सगळे खर्च एकत्र दाखवणारा हा तक्ता १ ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचा आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. मी मराठी प्रत वहिनींपुढे ठेवली. त्या ब्लाउज शिवायचं काम करतात, हिशोब तोंडी. बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या.

"साहेब, हे फिटणार कधी?"

"पंधरा वर्षांनी."

"ह्यांना एकोणपन्नासावं चालू आहे. अठ्ठावन्नला कंपनी घरी बसवणार. मग पुढं कोण भरणार, पोरगं?"

गृहस्थ काहीच बोलले नाहीत. मी कागद घेतला आणि तिघांना दिसेल असा मधे ठेवून हिशोब मांडला. जुन्या कर्जाचं पुढचं व्याज सुमारे ७ लाख १० हजार. नवं कर्ज पंधरा वर्षांचं घेतलं तर १२ लाख ३६ हजार. दर सव्वा टक्क्याने कमी होऊनही सव्वापाच लाख जास्त जाणार होते.

मग मुदत आठच वर्षं धरली. हप्ता २३,०२७. महिन्याला हजार-चाळीस वाचतात, म्हणजे आठ वर्षांत लाखभर. खरा फायदा एवढाच, आणि त्यातूनच टेकओव्हरचा खर्च जाणार. प्रोसेसिंग फी अर्धा टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ९,४४०. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन ७,५००. गहाणखताची स्टँप ड्युटी ०.३ टक्के, ४,८००.

"ती तर पहिल्या कर्जाला भरलीया," ते म्हणाले.

भरली होती. पण दस्त नव्या बँकेकडे ठेवले की नवा करार होतो आणि ड्युटी पुन्हा लागते. ही गोष्ट बहुतेकांना सहीच्या टेबलावरच कळते आणि मला ते दरवेळी खटकतं. नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सरकारी नोंद, धरून बेरीज तेवीस हजारांवर गेली. शिवाय फाईलमध्ये एकरकमी ३८,००० चा कर्ज-विमा जोडलेला. विमा हवा की नको हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तो ठेवला तर लाखातले साठ हजार पहिल्याच दिवशी संपणार.

जुन्या कंपनीला मात्र दंड द्यायचा नव्हता. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही.

मी त्यांना विचारलं, "जुन्या कंपनीत दर कमी करून मागितला का?"

"असं मागता येतं?"

येतं. लेखी अर्ज करून, कन्व्हर्जन फी, म्हणजे दर बदलण्याचं शुल्क, भरून. आमची मंजुरी दाखवली तर तिथलेही लवकर हलतात. आमच्या केएफएसची मुदत किमान तीन कामाचे दिवस असते, तेवढ्यात जाऊन या, म्हणालो.

मॅनेजरसाहेबांना मी हे स्वतःच सांगितलं. महिनाअखेर होती, टार्गेट अपुरं होतं, ते नाराज झाले. एजंट तर त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे फिरकला नाही. तरी माझं मत ठाम आहे: मुदत वाढते हे सांगितल्याशिवाय घेतलेली सही मी सही मानत नाही. टेकओव्हर वाईट नसतो. सोळा-सतरा वर्षं बाकी असतील आणि दरात दीड टक्क्याचा फरक असेल, तर मीच आग्रहाने करायला सांगतो. शेवटच्या वर्षांत मात्र हप्त्यात व्याज कमी आणि मुद्दल जास्त असते, तिथे दर उतरून हाती फार लागत नाही.

दोघं तिसऱ्या दिवशी आले. जुन्या कंपनीने पावणेनऊ टक्के कबूल केले होते, फी ४,७२०. आठ वर्षांत वाचणार ऐंशी हजार, फी वजा जाता पंच्याहत्तर. आमच्याकडे विमा काढून टाकला तरी निव्वळ सत्त्याहत्तरच होते. तेवढ्या दोन हजारांसाठी दस्त इकडून तिकडे हलवायचं कारण नव्हतं. मी फाईल बंद केली.

हप्ता २३,२३३ वर येणार होता. वहिनींनी तो कमी करू दिला नाही. जुनाच २४,०६७ चालू ठेवायचा अर्ज त्यांनी माझ्याच टेबलावर बसून लिहिला. त्याने कर्ज चार महिने आधी संपतं.