ठेकेदाराने हात वर केले तरी पगार बुडत नाही
जळगाव एमआयडीसीत चटई कारखान्यांत, दालमिलमध्ये पोरं बारा-बारा तास राबतात. ठेकेदार पगार दाबतो, पुढारी नुसती निवेदनं घेतात. चीड येणारच. पण काम सोडण्याआधी पुरावा जमवा: हजेरीकार्डाचा रोज फोटो, गेटपास, सुपरवायझरचे मेसेज. कोऱ्या व्हाउचरवर सही अजिबात नको. मागाहून तिथे ‘पूर्ण रक्कम मिळाली’ लिहितात आणि दावा तिथेच अडकतो.

महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेपर्यंत, ओव्हरटाइम दुप्पट दराने, हा कायदा आहे. ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो. म्हणून कामगार आयुक्त कार्यालयातल्या अर्जात दोघांचीही नावं घाला, शिक्क्याची पोच घ्या. कापलेला पीएफ खरंच भरला का, तेही उमंग अ‍ॅपवर पासबुकात बघा.